सुरुवातीच्या वर्षांतलं कंटाळवाणं काम: समाधान मिळतं का, की निघायचं?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय.

शिक्षण संपल्यावर एका मध्यम आकाराच्या कंपनीत अकाउंट्सला लागले. वर्ष होत आलं. काम असं: पुरवठादाराचं बिल येतं, ते खरेदी ऑर्डरशी आणि माल मिळाल्याच्या नोंदीशी ताडून बघायचं. दर, नग, कर तिन्ही कागदांवर जुळले तर बिल पुढे पाठवायचं, नाही जुळले तर बाजूला काढून कारण लिहायचं. मग पुढचं बिल. संध्याकाळपर्यंत जेवढी हातावेगळी करावीत तेवढी सकाळी पुन्हा येऊन पडलेली असतात.

पगाराबद्दल तक्रार नाही. माणसं चांगली आहेत, वेळेत घरी जाते. पण बरोबरची मुलं कुणी मोठ्या सौद्यांवर काम करतंय, कुणी स्वतःचं काही सुरू केलंय. भेटलो की प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असतं. माझं एका वाक्यात संपतं.

मला मनापासून विचारायचंय: ज्याचं कुणाला कौतुक नाही अशा कामात खरंच समाधान मिळू शकतं का? मिळालं असेल तर कुठून मिळालं? की मिळत नाही हीच निघायची खूण समजायची? "सगळ्यांची सुरुवात अशीच होते" हे उत्तर घरून मिळालेलं आहे, तेवढं सोडून काहीही सांगा.

वळचण

+१. माझाही हाच प्रश्न, फक्त बिलांच्या जागी तक्रारींचे ईमेल. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

जमाखर्ची

कोरी_पाटी, याच कामापासून सुरुवात केलेला माणूस आहे मी, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. वयाने बराच मोठा असणार, तेव्हा अगं-तुगं चालेल असं धरतो.

तीन कागद का ताडायचे, हे तुला कुणी नीट सांगितलंय का? मागवणारा वेगळा, माल ताब्यात घेणारा वेगळा आणि पैसे देणारा तिसराच असावा, म्हणून ही पद्धत आहे. तिघांचे कागद तीन वाटांनी येतात आणि पहिल्यांदा एकत्र भेटतात ते तुझ्या टेबलावर. न आलेल्या मालाचं बिल, एकदा दिलेलं बिल नंबर बदलून दुसऱ्यांदा, करार एका दराचा आणि आकारणी दुसऱ्याची, हे सगळं पकडायची हीच जागा. पैसे गेल्यावर पकडलेली चूक वसूल करायला महिने जातात, तीही झाली तर.

आता एक काम सांगतो, करून बघ. बाजूला काढलेल्या प्रत्येक बिलाचं कारण तू लिहितेसच. ते पुरवठादारवार एका वहीत किंवा शीटमध्ये वेगळं उतरव. काही महिन्यांत तुला दिसायला लागेल की अमक्याचा दर दरवाढीनंतर नेहमी महिनाभर मागे राहतो. तमक्याच्या बाबतीत ऑर्डर नगांत निघते आणि गोदामवाले नोंद खोक्यांत करतात, म्हणून दर वेळी फरक. हे तुझ्या साहेबांनाही माहीत नसेल. त्यांच्यासमोर बेरीज येते, एकेक बिल येत नाही.

मला समाधान पहिल्यांदा मिळालं ते इथेच. आपल्याला असं काही माहीत आहे जे इमारतीत दुसऱ्या कुणाला माहीत नाही, हे कळलं तेव्हा.

खोडरबर

जमाखर्ची, सुंदर प्रतिसाद. मी मुद्रितशोधन करते, शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत.

सडेतोड

विरोधी सूर लावतो, राग नसावा.

जमाखर्चींनी लिहिलंय ते खरं आहे आणि मनापासून लिहिलंय. पण "या कामाचं महत्त्व समजून घे" हे वाक्य मी दुसऱ्या बाजूनेही ऐकलेलं आहे. माझ्या पहिल्या नोकरीत आम्हा नव्या लोकांना जुन्या फायली स्कॅन करून अनुक्रमणिका लावायला बसवलं होतं. पाया पक्का होतोय, असं दर आढाव्यात सांगायचे. पाया पक्का झाला, पण त्यावर मजला कधी चढलाच नाही. आम्ही समाधानी राहणं त्यांच्या सोयीचं होतं, कारण समाधानी माणूस बढती मागत नाही.

म्हणून कोरी_पाटी, काम कंटाळवाणं आहे का हा प्रश्न तुम्ही बाजूला ठेवा. हे विचारा: तुमच्या आधी त्या खुर्चीत जो बसायचा तो आज कुठे आहे? वर गेला असेल, दुसऱ्या विभागात गेला असेल, बाहेर चांगल्या जागी लागला असेल, तर खुर्ची कामाची आहे. दहा वर्षं बसून शेवटी कंटाळून निघाला असेल तर तुमच्या वहीतल्या नोंदी कितीही छान असोत, उपयोग नाही.

समाधान आणि भविष्य यांची गल्लत होऊ देऊ नका, एवढंच.

निरुत्तर

"समाधानी माणूस बढती मागत नाही" हे पटलं नाही. मी पाहिलेले सगळ्यात ठामपणे मागणारे लोक आपल्या कामावर खूश असलेलेच होते. त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी होतं.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. आमच्याकडे नव्या मुलींच्या वाट्याला जे येतं ते कुणी फोटो काढून दाखवेल असं नसतं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची, तक्त्यावर वेळ आणि बाजू लिहायची. टाचा, माकडहाड, खुब्याची बाजू, कोपर, सगळं बघायचं. लाली दिसली की बोटाने दाबून बघायचं. दाबल्यावर फिकी होऊन पुन्हा लाल झाली तर वेळ हातात आहे. तशीच लाल राहिली तर आत इजा सुरू झालेली असते. चादरीची एक चुणीसुद्धा त्वचेला पुरते, म्हणून चादर ताणून घ्यायची. रात्री दोनला, चारला, सहाला.

हे नीट केल्याचं फळ काय? काहीच होत नाही. पेशंट घरी जातो तेव्हा त्याच्या पाठीवर जखम नसते, आणि जी जखम झालीच नाही तिच्याबद्दल आभार कोण मानणार? सुरुवातीला मलाही वाटायचं की ऑपरेशन थिएटरमधल्या मैत्रिणी खरं काम करताहेत आणि मी चादरी ताणतेय.

मग एकदा दुसरीकडून एक आजोबा आमच्या वॉर्डात आले. त्यांच्या माकडहाडावर हाडापर्यंत गेलेली जखम होती. ती धुताना हात लावला की ते भिंतीकडे तोंड करून दात आवळायचे. ती भरायला किती काळ लागला ते बघितलं आणि तक्त्यावरच्या दोन तासांच्या रकान्याकडे बघायची माझी दृष्टी कायमची बदलली.

सडेतोड, तुमचं म्हणणं नाकारत नाही. पण काही कामांचं फळ हे "न घडणं" असतं. ते बघायला थोडं शोधत जावं लागतं. कोरी_पाटी, तुझं काम मला त्याच जातीचं वाटतंय.

तिरकी_रेघ

रात्रपाळी ताई, वाचून सुन्न झालो. आणि अगदी पटलं.

आमच्या बांधकामातलं याच जातीचं काम म्हणजे स्लॅब ओतण्याआधीची सळ्यांची तपासणी. नव्या इंजिनिअरला टेप देऊन वर पाठवतात. सळ्यांमधलं अंतर मोज, व्यास मोज, जोडावर पुरेशी लांबी एकमेकीवर आलीय का बघ, खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळी साच्यापासून वर उचलून धरणारे ठोकळे, आहेत का बघ. उन्हात वाकून, सळ्यांवर तोल सांभाळत. कव्हर म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर; तो कमी पडला तर ओल आणि हवा सळीपर्यंत लवकर पोचते, सळी गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. पण हे दिसतं कित्येक वर्षांनी. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं की तुम्ही केलेली तपासणी त्याखाली गेली. नीट केली होती की उगाच सही ठोकली होती, ते तुम्हालाच ठाऊक.

माझ्या मते समाधान या "तुम्हालाच ठाऊक"मध्ये आहे. बाकी कुणाला पटो न पटो.

आकाशदर्शक

या विषयावर मला नेहमी हेन्रिएटा लेव्हिट आठवतात. हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या फोटोप्लेटांवरचे तारे बघून त्यांची तेजस्विता नोंदवायची, हे त्यांचं काम. अशा बऱ्याच स्त्रिया तिथे होत्या आणि त्यांना "संगणक" म्हणत. वेगवेगळ्या रात्रींच्या प्लेटा ताडायच्या आणि कोणता ठिपका लहानमोठा होतोय ते टिपायचं. १९०८ साली त्यांनी मॅजेलनी मेघांमधल्या (आपल्या आकाशगंगेशेजारच्या दोन लहान दीर्घिका) १,७७७ बदलत्या ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. ती करताना त्यांच्या लक्षात आलं की जास्त तेजस्वी ताऱ्यांची लुकलुक जास्त सावकाश होते. १९१२ मध्ये २५ ताऱ्यांवर तो नियम पक्का मांडला. म्हणजे लुकलुकीवरून ताऱ्याची खरी तेजस्विता कळते आणि तिच्यावरून त्याचं अंतर. पुढे त्याच मोजपट्टीने खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी देवयानी (अँड्रोमेडा) हे आपल्या आकाशगंगेबाहेरचं विश्व असल्याचं दाखवलं.

नोंदी ठेवण्याच्या कामातून निघालेली ही गोष्ट आहे.

निरुत्तर

आकाशदर्शक, उदाहरण मोठं आहे, पण मला अशा उदाहरणांची थोडी भीती वाटते. पेटंट कार्यालयातला आइन्स्टाइन, बुकबाइंडरकडचा फॅरडे, आता लेव्हिट. त्याच खोलीत बसून प्लेटा मोजणाऱ्या इतरांचं काय? त्यांच्या हाती नियम लागला नाही म्हणून त्यांचं काम वाया गेलं? शेवटी काहीतरी भव्य निघालं तरच साध्या कामाला अर्थ, असं होऊ नये. कोरी_पाटीच्या बिलांतून काही विश्वाचा नियम निघणार नाही.

आकाशदर्शक

रास्त मुद्दा. म्हणून एवढंच जोडतो: लेव्हिट १९२१ साली गेल्या. हबल यांनी देवयानीतला तसा लुकलुकणारा तारा ओळखला १९२३ मध्ये. आपल्या कामातून काय निघालं ते त्यांनी पाहिलंच नाही. तरी वर्षानुवर्षं प्लेटा बघत राहिल्या, म्हणजे त्या बघण्यातच त्यांना काहीतरी मिळत असणार असं मला वाटतं. आणि हो, सडेतोड यांचा मुद्दाही इथे लागू पडतो. कशावर संशोधन करायचं हे ठरवायची मोकळीक त्यांना फारशी नव्हती, आणि हे त्यांच्यावर अन्यायच होता.

भरतीओहोटी

सगळं समाधान नोकरीतूनच का काढायचं पण? मी डेटा एंट्री करते. नीट करते, वेळेत करते आणि सहा वाजता विसरते. संध्याकाळी गाणं शिकते, तिथे माझा जीव आहे. नोकरी कंटाळवाणी असल्यामुळे डोकं गाण्यासाठी शिल्लक राहतं, हा मला फायदाच वाटतो. कोरी_पाटी, हाही एक मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

कोरी_पाटी

इतके प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला.

सडेतोड, तुमचा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. आज विचारला. माझ्या आधी होती ती आता खर्चाच्या हिशेबाकडे आहे, याच मजल्यावर. तिच्या आधीचा दुसऱ्या कंपनीत गेला, वरच्या पदावर. म्हणजे खुर्ची अगदीच बंद नाही.

भरतीओहोटी, तुमचा मार्ग मला आवडला, पण माझ्याकडे गाण्यासारखं काही नाही. आणि दिवसातले जागेपणीचे सगळ्यात ताजे तास तिथे जातात, ते नुसते निभावून न्यायचे हे मला जड जाईल.

जमाखर्ची काका (काका म्हटलं तर चालेल ना?), वही सुरू केली.

जमाखर्ची

चालेल काय, आवडेल.

पानोपानी

मी याच विषयातली विद्यार्थिनी आहे, म्हणून थोडी भर. हॅकमन आणि ओल्डहॅम या दोघांनी १९७०च्या दशकात, काम कशामुळे मनाला लागतं याची पाच अंगं मांडली. कामात वेगवेगळी कौशल्यं लागणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण तुकडा हातात असणं, त्याचा कुणावर तरी परिणाम होणं, काही निर्णय स्वतः घेता येणं आणि काम कसं झालं ते कळणं.

कोरी_पाटीचं काम यात ठेवून बघितलं तर परिणाम आहे, जमाखर्चींनी दाखवलाच. पूर्ण तुकडा हातात नाही, बिल मधूनच येतं आणि मधूनच जातं. आणि कळणं जवळजवळ शून्य: पुढे पाठवलेल्या बिलाचं काय झालं ते परत कुणी सांगत नाही. म्हणजे सगळं कामच रुक्ष आहे असं नाही, नेमक्या दोन जागा रिकाम्या आहेत. त्या भरता येतात का ते बघायला हवं.

परिणाम दिसण्याबद्दल अ‍ॅडम ग्रँट यांचा २००७ मधला एक प्रयोग आहे. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणारे कर्मचारी होते. दिवसभर नकार ऐकण्याचं काम. त्यातल्या काहींची त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटं भेट घडवली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता आणि जमवलेली रक्कमही. पगार तोच, संवाद तोच, खुर्ची तीच.

सडेतोड

हा प्रयोग माहीत नव्हता, चांगला आहे. पण बघा, ती भेट कुणीतरी घडवून आणली. ही जबाबदारी वरच्यांची असते. ती नव्या माणसावर ढकलून "तू स्वतः अर्थ शोध" म्हणणं बरोबर नाही.

पानोपानी

मान्य. ते घडवत नसतील तर आपण मागावं, एवढंच म्हणेन.

शून्य_एक

सॉफ्टवेअरवाल्यांकडून दोन शब्द. आमच्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या टीमचं काम कोरी_पाटीसारखंच असतं: तेच अलर्ट, त्याच दुरुस्त्या. गूगलमध्ये अशा टीमसाठी एक नियम आहे की हाताने करायचं, वारंवार येणारं, मशीनला देता येईल असं काम निम्म्या वेळापेक्षा जास्त असू नये. उरलेल्या वेळात ते काम कमी करणारं काहीतरी बांधायचं.

म्हणून माझा सल्ला: तुझ्या वहीतलं सगळ्यात जास्त वेळा येणारं कारण उचल आणि ते मुळातच येऊ नये यासाठी काय करता येईल ते बघ. नग आणि खोके हा फरक असेल तर ऑर्डरवरच "एका खोक्यात किती नग" असा रकाना हवा. तो रकाना घालणं हे ज्युनिअर माणसालाही जमण्यासारखं आहे आणि त्यानंतर ती बिलं अडकायचीच थांबतात. मला कामातला खरा आनंद अशा रकान्यांनी दिलाय.

फक्त एक: काम हाताने भरपूर केल्याशिवाय मशीनकडे देऊ नका. काय काय बिघडतं ते बोटांना माहीत झालेलं नसेल तर मशीन चुका जास्त वेगाने करतं.

खोडरबर

अवांतर विचारते. जमाखर्ची, आकडा जुळत नाही तेव्हा तुम्ही शोधायला सुरुवात कुठून करता? आम्ही शेवटच्या वाचनात मजकूर मागून पुढे वाचतो, एकेक शब्द, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा वाहून जात नाही. तुमच्याकडे असं काही आहे?

जमाखर्ची

आहे की! माझा आवडता विषय काढलात.

पहिलं, फरकाची नेमकी रक्कम नोंदींत शोधायची. एखादी नोंद राहून गेली असेल तर लगेच सापडते. नाही सापडली तर फरकाचा निम्मा करून तो शोधायचा. नावे टाकायची रक्कम जमेला पडली असेल तर फरक दुप्पट येतो. तेही नाही, तर फरकाला ९ ने भाग जातो का बघायचा. गेला तर बहुतेक वेळा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते, ५४ चे ४५. किंवा एक शून्य कमीजास्त पडलेलं असतं.

हे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवलं, नोंदवहीवर पेन्सिल टेकवून. मला ती जादू वाटली होती.

तिरकी_रेघ

जादू नाही, पण जादूइतकंच छान आहे. दोन अंक क आणि ख धरा. एक संख्या १०क + ख, उलटी केली तर १०ख + क. वजाबाकी केली की ९क − ९ख उरतं. म्हणजे फरक कायम ९ च्या पटीत. आणि शून्याचं म्हणाल तर १०क मधून क गेला की ९क. तेही ९ च्या पटीतच.

वळचण

हा धागा शाळेत असताना निघाला असता तर गणितात बरे मार्क पडले असते :)

कोरी_पाटी

काका, आज वापरलं! महिनाअखेरच्या बेरजेत २७० चा फरक येत होता. दोघीजणी सकाळपासून शोधत होत्या, माझा त्या कामाशी संबंधही नव्हता. मी म्हटलं एक मिनिट, भाग घालून बघू. २७० म्हणजे ९ गुणिले ३०. शेवटी शून्य आहे म्हणजे अदलाबदल शतक आणि दशकाच्या घरात, आणि ३ म्हणजे त्या दोन अंकांत तीनचा फरक. मग नुसत्या तशा रकमा बघत गेलो. ४,८५० च्या जागी ४,५८० पडले होते. सापडलं तेव्हा तिघी जवळजवळ ओरडलो.

आणि गंमत म्हणजे त्यांनी मला विचारलं, उद्या क्लोजिंगला, म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करायला, बसतेस का आमच्याबरोबर.

सडेतोड

कोरी_पाटी, तुमची पहिली पोस्ट आणि हा प्रतिसाद शेजारी ठेवून वाचा. मी माझा विरोधी सूर मागे घेत नाही, पण या प्रतिसादाने मला मनापासून आनंद झाला.

रात्रपाळी

वा! अभिनंदन गं.

अंकांवरून आठवलं. आमच्याकडे भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी एक यादी मोठ्याने वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणली, १९ मुद्दे आहेत. पेशंटचं नाव, कोणती बाजू, अ‍ॅलर्जी आहे का, कापसाचे बोळे आणि अवजारं मोजून जुळली का. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरण्याआधीचं आणि नंतरचं चित्र तपासलं, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही. कुणीतरी न कंटाळता विचारायचं आणि दुसऱ्याने न चिडता उत्तर द्यायचं.

ती यादी वाचायला बऱ्याचदा नव्यांनाच उभं करतात. मी त्यांना सांगते, आवाज खणखणीत ठेवा. सर्जनसाहेब घाईत असले तरी पूर्ण वाचा.

निरुत्तर

"आवाज खणखणीत ठेवा" हे आवडलं. साध्या कामात ताठ उभं राहता येतं, हे इथे कुणी बोललं नव्हतं.

भरतीओहोटी

मीही वही सुरू केलीय, कोणत्या फॉर्मवर लोक कोणता रकाना चुकवतात त्याची. गाणं सुटलेलं नाही, काळजी नसावी :)

कोरी_पाटी

धागा वर आणतेय, कारण मूळ प्रश्न तसाच राहिलाय आणि तुमचा सल्ला हवाय.

मधल्या काळात तीन गोष्टी केल्या. गोदामात माल उतरतो तेव्हा अर्धा दिवस जाऊन उभी राहिले. तिथल्या काकांकडे खोके फोडून नग मोजायला माणूसच नसतो, हे कळलं. म्हणजे ते निष्काळजी नाहीत, हे मला टेबलावर बसून कधीच कळलं नसतं. मग शून्य_एक यांनी सुचवलेला रकाना साहेबांसमोर मांडला. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं, वहीतली पानं स्वतः चाळली आणि एका पुरवठादारापुरता करून बघू म्हणाले. तिसरं, क्लोजिंगला बसले, निम्मं कळलं नाही, तरी आवडलं.

कामाचा कंटाळा गेला असं म्हणणार नाही. दुपारी तीननंतर तीच बिलं, तेच आकडे. पण बिल हातात आलं की आता त्याच्या मागची माणसं दिसतात, त्यामुळे ते निर्जीव वाटत नाही.

प्रश्न असा: पुढच्या आठवड्यात माझा वार्षिक आढावा आहे. राहायचं हे सध्या ठरवलंय. पण काय मागू? पगारवाढ तर मिळेल ती मिळेल. कामाचं काय मागावं?

सडेतोड

उत्तम, हाच प्रश्न हवा होता. दोन गोष्टी मागा. एक, ठरावीक मुदतीत कामात काय बदल होईल ते, आणि आढाव्याच्या कागदावर लिहून. "बघू", "पुढे मागे" चालणार नाही. दोन, तुमचं आत्ताचं काम तेव्हा कोण करेल हेही तिथेच ठरवून घ्या. नाहीतर नवं काम जुन्याच्या डोक्यावर चढतं आणि तुम्ही दुप्पट थकता. मुदत उलटली आणि काही हललं नाही, तर शांतपणे दुसरीकडे अर्ज करा. तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका.

पानोपानी

मी वर दोन रिकाम्या जागा म्हटलं होतं, पूर्ण तुकडा आणि कळणं. मागताना तेच मागा: असं एक काम, जे तुम्ही सुरू कराल आणि तुम्हीच संपवाल.

जमाखर्ची

पानोपानींनी अगदी बरोबर सांगितलं, आणि तसं काम कोणतं ते मी सांगतो. पुरवठादाराच्या खात्याचा मेळ मागून घे.

पुरवठादाराकडून त्याच्या वहीतला आपला उतारा मागवायचा आणि आपल्या खातेवहीतल्या त्याच्या खात्याशी सुरुवातीच्या शिलकेपासून शेवटपर्यंत जुळवायचा. दोन्हीकडच्या शिलका सहसा जुळत नाहीत. आपण पैसे पाठवले आणि त्याने अजून जमा धरले नाहीत. त्याने बिल काढलं आणि ते आपल्याकडे कुठेतरी अडकून पडलंय. आपण परत पाठवलेल्या मालाची वजावट त्याने धरलीच नाही. प्रत्येक फरकाला नाव आणि तारीख लावायची, त्याला फोन करायचा, दुरुस्त्या करून घ्यायच्या आणि शेवटी दोघांच्या सह्या झालेला एक कागद फायलीला लावायचा. यात तुझं आत्ताचं काम आहे, गोदाम आहे, बँक आहे आणि समोरचा माणूसही आहे.

एकदम सगळी खाती मागू नकोस. मध्यम उलाढालीचा एकच पुरवठादार घे, शक्यतो तो खोके आणि नगवालाच. त्याच्या भानगडी तुला आधीच पाठ आहेत. मागच्या वर्षीच्या शेवटच्या दिवसाची शिलक जुळते का ते सगळ्यात आधी बघ. तीच जुळत नसेल तर पुढे जाऊ नकोस, आधी मागे जा. उताऱ्यात काय अडलं तर आकडे बदलून इथे टाक, बघू सगळे मिळून.